लाकडाला पाणी नको, हवा द्या

(संघाच्या मासिक बैठकीत मोहने येथील आपल्या एका गटाच्या सदस्या ताईंनी घरातल्या लाकडी सामानाविषयी माहिती सांगितली. ज्यांना बैठकीला येता आलं नाही, त्यांच्यासाठी ते बोलणं इथे देत आहोत. भाषा त्यांची आहे तशीच ठेवली आहे.)



मला बोलायला सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मागच्या महिन्यात बँकेच्या साहेबांनी खात्याची माहिती दिली, त्याआधी नर्सताई आल्या होत्या. मी काय सांगणार? पण सचिवताई म्हणाल्या, "नवरात्र तोंडावर आलंय, मग दिवाळीची साफसफाई. घरातल्या लाकडी सामानावर बोल. तुझ्या घरी सुतारकाम आहे." तर जे मला येतं ते सांगते. आणि जे मी चुकले तेही सांगते, कारण त्या चुकीत माझे पैसे गेलेत, तेही गटाच्या कर्जाचे.

आमचं घर मोहन्यात, खालच्या बाजूला. उल्हास नदी जवळ. माझे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणतो, सुतारकाम करायचे. माझं लग्न झालं तेव्हा घरात त्यांनी स्वतः केलेलं सागवानी कपाट होतं. दोन दारं, खाली दोन खण. २६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवतच असेल. त्या दिवशी मुंबईत सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि इकडे उल्हास नदी घराघरात शिरली. आमच्या कपाटाचे खण पूर्ण पाण्याखाली होते. चिखल, घाण सगळं आत. आबांनी ते कपाट वाचवलं. कसं, ते पुढे सांगते.

मग मी काय केलं? दरवर्षी दिवाळीला ओल्या फडक्याने ते कपाट घासून पुसायचं आणि वरून खोबरेल तेलाचा हात मारायचा. चार दिवस चमकायचं. मग हळूहळू काळं पडत गेलं. हात लावला की चिकट. पावसात दार अडकायचं. शेजारणींकडे पांढरी गुळगुळीत कपाटं आली, आरसा लावलेली. मला आमच्या कपाटाची लाज वाटायला लागली.

एका दिवाळीला मी गटातून १५,००० रुपये कर्ज घेतलं आणि एका दुकानातून नवीन कपाट आणलं. जुनं भंगारवाल्याला दिलं, ७०० रुपयांना. आबा काही बोलले नाहीत. फक्त त्यातला एक खण त्यांनी काढून ठेवला. म्हणाले, "हत्यारं ठेवायला होईल."

आता हिशोब ऐका. आपल्या गटाचं व्याज महिना दोन टक्के. मी मुद्दल दर महिन्याला हजार रुपये फेडायचं ठरवलं, म्हणजे १५ हप्ते. उरलेल्या मुद्दलावर व्याज धरलं तरी २,४०० रुपये व्याज होतं. कपाट मला १७,४०० ला पडलं. नोव्हेंबरपासून हप्ते सुरू झाले. जुलैत पाऊस लागला, फरशीला ओल आली आणि नवीन कपाटाचा तळ फुगला. पोळी फुगते तसा फुगला. वरचा पांढरा कागद सुटला, आतून भुसा बाहेर आला, बिजागरीचे स्क्रू निघून दार हातात आलं. तेव्हा माझे ९ हप्ते झाले होते. ६ बाकी होते. कपाट गेलं आणि हप्ते चालूच राहिले.

त्या रात्री आबांनी तो जुना खण आणला. फडकं घेतलं, थोडा साबण, पिळून घट्ट. एक कोपरा पुसला. काळा थर निघाला आणि खाली पिवळसर तांबूस सागवान, त्याच्या रेघा दिसायला लागल्या. मला म्हणाले, "लाकूड काळं नव्हतं गं. तेल आणि धूळ होती."

म्हणजे वीस वर्षं मी ज्याला निगा समजत होते, त्यानेच ते कपाट काळं केलं. त्यानंतर मी आबांकडून शिकले. त्यातलं तुम्हाला घरी करता येईल तेवढंच सांगते.

आधी ओळखा, घरात आहे काय

"लाकडाचं" असं आपण सगळ्यालाच म्हणतो, पण त्यात तीन जाती आहेत.

पहिलं, भरीव लाकूड. सागवान, शिसव, आंबा, फणस, बाभूळ. याची ओळख म्हणजे फळीच्या कडेला बघा. वरच्या अंगाला जी रेघ आहे ती कडेवरून पुढे जाताना दिसते. आणि वजनाला जड असतं.

दुसरं, प्लाय. पातळ पातळ पत्रे एकावर एक चिकटवलेले. कड उघडी असेल तर वडीसारखे थर दिसतात.

तिसरं, भुशाचा बोर्ड. लाकडाचा भुसा आणि गोंद दाबून केलेला, वर कागद किंवा सनमायका. मागची बाजू किंवा स्क्रूचं भोक बघा, आत दाणेदार भुसा दिसेल. माझं नवीन कपाट हेच होतं. हे वाईटच असतं असं मी म्हणत नाही. कोरड्या जागी, वरच्या मजल्यावर वर्षानुवर्षं टिकतं. पण त्यात एकदा पाणी शिरलं की ते फुगतं आणि वाळल्यावर परत पहिल्यासारखं होत नाही. भरीव लाकूड वाळलं की बरंचसं जागेवर येतं. हा फरक लक्षात ठेवा. आपल्या तळमजल्याच्या, ओल येणाऱ्या घरांत तो फार मोठा आहे.

लाकूड फुगतं का?

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी समजा. झाड जिवंत असताना त्यातून पाणी वर जायचं. झाड कापलं तरी त्या नळ्या हवेतली ओल घेतात आणि सोडतात. पावसात घेतात, उन्हाळ्यात सोडतात. ओल घेतली की फळी रुंदीला वाढते. लांबीला जवळजवळ वाढतच नाही. म्हणून पावसात दार चौकटीत अडकतं आणि उन्हाळ्यात फळीला उभी चीर जाते.

याचा अर्थ, लाकूड हलणारच. आपण एवढंच करायचं, की हे फुगणं आणि सुकणं हळूहळू होऊ द्यायचं. एकदम भिजवायचं नाही, एकदम तापवायचं नाही. पॉलिश आपण चमक यावी म्हणून करतो असं वाटतं, पण त्याचं खरं काम ओल आत जायचा वेग कमी करणं हे आहे. आणि म्हणून पॉलिश फक्त दर्शनी बाजूला लावून चालत नाही. मागे, खाली, पायाच्या तळव्यालासुद्धा एक हात लागला पाहिजे. आपलं सामान नेहमी मागून आणि खालून कुजतं, जिथे आपलं लक्ष नसतं.

तर पहिलं काम, एक रुपया खर्च नाही. कपाट, पलंग, टेबल भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हवा फिरू द्या. दुसरं, पाय फरशीवर थेट टेकवू नका. खाली फरशीचे तुकडे किंवा प्लॅस्टिकच्या वाट्या द्या. लादी पुसताना पाणी पायाला लागतं, रोज लागतं, आणि पाय खालून कुजतात.

दिवाळीची साफसफाई

आपल्याकडे दिवाळीला सगळं धुऊन काढायची पद्धत. भांडी धुवा, डबे धुवा, गोधड्या धुवा. लाकूड धुऊ नका.

आधी कोरडं काम. मऊ, जुनं सुती फडकं. जुनी सुती साडी सगळ्यात चांगली. लाकडाच्या रेघेच्या दिशेने पुसायचं, आडवं नाही. नक्षीत, कोपऱ्यात जुना दात घासायचा ब्रश किंवा रंगाचा मऊ ब्रश फिरवा. नुसत्या या कोरड्या कामाने निम्मी घाण जाते.

मग चिकटपणा असेल तरच ओलं काम. एक लिटर कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब. फडकं बुडवून इतकं पिळा, की परत पिळल्यावर थेंब पडता कामा नये. एका वेळी एक हात जागा पुसायची. लगेच साध्या पाण्याच्या पिळलेल्या फडक्याने साबण काढायचा. लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं. मग पुढचा हात. सगळं कपाट ओलं करून शेवटी पुसू म्हटलं तर चालणार नाही.

स्वयंपाकघराजवळच्या सामानावर तेलकट धूर बसलेला असतो. तिथे हेच दोन-तीनदा करावं लागेल. घाई करून सोडा, घासणी, भांड्याची पावडर वापरू नका. त्याने घाण निघते तसं पॉलिशही निघतं. संडास-बाथरूमची ॲसिडची बाटली तर लाकडाजवळ आणूच नका.

झालं की दारं, खण उघडे ठेवून घर मोकळं करा. ऑक्टोबरची हवा आपल्याकडे कोरडी होत जाते, दिवसभरात आतून सुकतं. कपाट उन्हात ओढू नका. सावलीत, वाऱ्यावर.

तेल, मेण आणि पॉलिश

खोबरेल तेल, गोडेतेल, मोहरीचं तेल लाकडावर वाळत नाही. तसंच राहतं, धूळ धरतं, काळं होतं, वास येतो. रॉकेलने पुसायची पण काही घरांत सवय आहे. रॉकेलने चकाकी दिसते, पण ते पेट घेतं, नाकात जातं, आणि लाकडाला काही देत नाही. हे दोन्ही सोडा.

वाळणारं तेल वेगळं. जवसाचं तेल, ज्याला अळशीचं म्हणतात, ते हवेवर घट्ट होतं आणि लाकडात बसतं. हार्डवेअरच्या दुकानात रंगकामाचं उकळलेलं जवस तेल मिळतं. ते खायचं नाही, बाटलीवर नाव लिहून मुलांपासून लांब ठेवा. फडक्यावर थोडं घ्या, रेघेच्या दिशेने पातळ चोळा, पंधरा मिनिटांनी उरलेलं पुसून काढा. पुसून काढलं नाही तर चिकट राहील. एक दिवस सुकू द्या, गरज वाटली तर दुसरा हात. हे उघड्या लाकडासाठी किंवा पॉलिश उडालेल्या जुन्या सामानासाठी. सनमायकाला याचा उपयोग नाही.

इथे एक धोक्याची गोष्ट, नीट ऐका. जवस तेलाचं फडकं वापरून झाल्यावर चुरगळून कोपऱ्यात किंवा पिशवीत टाकू नका. ते तेल वाळताना गरम होतं, आणि बोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. काडी न लावता. ते फडकं बाहेर दोरीवर उलगडून वाळवा, कडक झालं की टाका.

आम्ही गटातल्या पाच जणींनी मेणाचं पॉलिश घरी केलं. एक भाग मधमाशीचं मेण, चार भाग जवस तेल. मेण थेट गॅसवर ठेवायचं नाही. टोपात पाणी गरम करून गॅस बंद करायचा आणि त्या गरम पाण्यात मेण-तेलाची वाटी ठेवायची. मेण साधारण ६२ ते ६५ डिग्रीला वितळतं, म्हणजे उकळतं पाणी लागत नाही. ढवळा, डबीत ओता, थंड झालं की मलमासारखं होतं. थोडंसं चोळायचं, अर्ध्या तासाने कोरड्या फडक्याने घासायचं. वर्षातून एकदा पुरतं.

जुन्या सामानावर पुष्कळदा लाखेचं पॉलिश असतं. लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर एक किडा जी राळ करतो, ती. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी चमक असते ती लाखेचीच. सुतार चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवून लावतात. हे पॉलिश ओळखायचं कसं? कुठेतरी मागे, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाका. चिकट झालं तर लाख. म्हणजे हे पॉलिश आपण दुरुस्त करू शकतो, वरून नवीन हात देता येतो. पण त्याला गरम भांडं आणि स्पिरिट सोसत नाही. म्हणून सॅनिटायझरची बाटली लाकडी टेबलावर ठेवू नका.

गरम चहाचं भांडं ठेवल्यावर जो पांढरा गोल डाग उठतो, तो वरच्या पॉलिशमध्ये अडकलेल्या ओलीचा असतो. आधी चार-आठ दिवस वाट बघा, काही डाग आपोआप जातात. नाही गेला तर चुलीची राख वस्त्रगाळ करा, तेलाच्या एका थेंबात भिजवा आणि बोटाने रेघेच्या दिशेने हळू चोळा, मग पुसून घ्या. डाग काळा असेल तर पाणी खालच्या लाकडापर्यंत पोचलंय. ते काम पॉलिश काढून करावं लागतं, सुताराला विचारा.

बुरशी, भुंगा आणि वाळवी

पावसात कपाटाच्या मागे पांढरी-हिरवी बुरशी येते. घरात झटकू नका, ती नाकात जाते. नाकाला रुमाल बांधा, सामान गॅलरीत किंवा ओट्यावर आणा, कोरड्या ब्रशने काढा, मग साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसून सुकवा. पण बुरशी पुसून काम संपत नाही. भिंतीची ओल कुठून येते ते बघा. ती थांबली नाही तर बुरशी परत येणार.

सामानाखाली पिठासारखा बारीक भुगा पडतो आणि लाकडाला टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात, तो भुंगा. त्याची अळी आत राहून लाकूड खाते, आणि भोक दिसतं तेव्हा किडा बाहेर पडून गेलेला असतो. तो जास्त करून लाकडाचा पांढरा भाग खातो. झाडाचा मधला गाभा पक्का आणि गडद असतो, बाहेरचा भाग फिका आणि कच्चा. सागवानाची जी कीर्ती आहे ती गाभ्याची आहे. सागवान म्हणून फिक्या रंगाची फळी गळ्यात मारली तर तिलाही कीड लागते. विकत घेताना रंग बघून घ्या. भुगा पडताना दिसला की ती वस्तू बाकीच्यांपासून वेगळी करा, भुगा झाडून खाली कागद अंथरा आणि आठवड्याने परत बघा. नवीन भुगा पडला तर कीड चालू आहे, सुताराकडून भोकांत औषध भरून घ्या.

वाळवी वेगळी. ती जमिनीतून येते. तिला उजेड आणि कोरडी हवा सोसत नाही, म्हणून भिंतीवर, पायांवर मातीच्या नळ्या करत चढते. या नळ्या हीच खूण. नळी मोडून बघा, पांढऱ्या मुंग्यांसारखे किडे दिसतील. नुसती नळी पुसली तर वाळवी दुसरीकडून चढते, कारण तिचं घर मातीत आहे. म्हणून कपाटावर औषध मारून भागत नाही, फरशीच्या कडेला, भिंतीच्या बुडाला औषध द्यावं लागतं. हे काम परवाना असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. चाळीत चार घरांनी मिळून केलं तर खर्च वाटला जातो आणि उपयोगही होतो, नाहीतर वाळवी एका घरातून दुसऱ्या घरात. सुटी मिळणारी कुठलीही पावडर स्वतः टाकू नका. पूर्वी लोक घरात गॅमेक्झिन मारायचे. त्यातल्या लिंडेन या विषावर आता आपल्या देशात बंदी आहे. आपली मुलं त्याच फरशीवर रांगतात.

पुराचं पाणी शिरलं तर

२००५ नंतरही पाणी आलं. जुलै २०१९ मध्ये याच उल्हास नदीच्या पुरात वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली होती, ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. आपण नदीकाठचे, म्हणून हे माहीत पाहिजे. आबांनी कपाट कसं वाचवलं ते सांगते.

पाणी उतरल्यावर चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुऊन काढला. लाकूड धुऊ नका म्हणाले, पण ही एक वेळ वेगळी. चिखल वाळला की रेघांत बसतो, आणि पुराच्या पाण्यात गटाराची घाण असते. हातात मोजे घालून साबणाने धुवा. फुगलेले खण पुढून ओढायचे नाहीत, मूठ तुटून हातात येते. आबांनी मागची फळी काढली आणि मागून हळू ढकलून खण बाहेर काढले. दारं बिजागरीपासून सोडवली. सगळं सावलीत, खाली विटांवर, मध्ये मध्ये पट्ट्या ठेवून रचलं, हवा सगळीकडून लागेल असं. सपाट फळ्यांवर वजन ठेवलं, वाकू नयेत म्हणून.

शेजारच्यांनी आपली कपाटं उन्हात टाकली. ऊन पडलं होतं, आपल्यालाही तेच सुचतं. आबा म्हणाले, उन्हाने वरचं सुकतं, आतलं ओलं राहतं, आणि फळी तडकते. आमचं कपाट सुकायला दिवाळीपर्यंत वेळ लागला. पूर्ण सुकल्यावरच जोडलं आणि पॉलिश केलं. ओल्या लाकडावर पॉलिश मारलं तर ओल आत कोंडते.

आणि असं वाचवलेलं कपाट मी ७०० रुपयांना दिलं.

जुना रंग खरवडताना

जुना पलंग, जुना पाळणा याच्यावरचा ऑइलपेंट काढून नवीन करायचा असेल तर थांबा. जुन्या रंगांत शिसं असायचं. आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून नियम लागू झाला, की घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालणार नाही. त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडा पॉलिश पेपर मारला की त्याची धूळ उडते, आणि लहान मुलांच्या पोटात शिसं गेलं तर त्यांच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून अशा वेळी पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून घासा, घराबाहेर घासा, नाकाला चांगला मास्क लावा, खाली प्लॅस्टिक अंथरा, आणि गरोदर बाई व मुलं तिथे नकोत. काम झाल्यावर हात-तोंड धुवा, कपडे वेगळे धुवा. थर जाड असेल तर स्वतः करू नका.

पॉलिश पेपर घेताना एवढं लक्षात ठेवा, नंबर जितका मोठा तितका तो बारीक. आधी १२०, मग २२०, शेवटी ३२०. घासायचं नेहमी रेघेच्या दिशेने.

पोळपाट-लाटणं

थोडक्यात सांगते. पोळपाट, लाटणं, रवी, काथवट पाण्यात भिजत ठेवायचं नाही. धुतलं की पुसून उभं करून वाळवायचं. आडवं ठेवलं तर खालची बाजू काळी पडते. यांना पॉलिश, व्हार्निश काही लावू नका, ते पोटात जाईल.

गटासाठी दोन गोष्टी

मी आता कर्जाच्या बाजूने बोलते. घरसामानासाठी कर्ज मागायला बाई आली तर तिला नाही म्हणू नका, तिची गरज तिला माहीत. पण दोन प्रश्न विचारायची पद्धत आम्ही आमच्या गटात पाडली आहे. जुनं सामान आहे का, आणि ते कोणी बघितलं का? आणि नवीन जे घेणार आहेस ते तुझ्या घरातल्या ओलीत शेवटच्या हप्त्यापर्यंत टिकेल का? मला हे कोणी विचारलं नाही, म्हणून सांगते. विचारलं असतं तर तेव्हा मला राग आला असता हेही खरं.

दुसरं, आम्ही पाच जणींनी शंभर-शंभर रुपये काढून मेण, जवस तेल, पॉलिश पेपर, ब्रश आणले. ज्या घरी काम असेल तिथे एका दुपारी सगळ्या जातो. आतापर्यंत दोन पलंग, एक देव्हारा आणि एक पाळणा केला. दुसऱ्या गटांना पाहिजे असेल तर आम्ही येऊन दाखवू.

माझे हप्ते फिटले. बोर्डाच्या कपाटाच्या चांगल्या राहिलेल्या फळ्या काढून आबांनी भिंतीवर मांडणी करून दिली, फरशीपासून वर. खालच्या ओलीपासून लांब, ती व्यवस्थित आहे. आणि तो सागवानी खण आता आमच्या गटाच्या वह्या ठेवायला आहे. पुढच्या बैठकीला कोणाला बघायचा असेल तर आणते.



बोलणं झाल्यावर मैत्रिणींनी विचारलेले प्रश्न

दार पावसात अडकतं. रंधा मारून कमी करू का?

आत्ता नको. पावसात फुगलेलं दार कमी केलं तर उन्हाळ्यात फट पडेल. जिथे घासतं तिथे मेणबत्ती घासा, खणाच्या पट्ट्यांनाही तेच. जानेवारी-फेब्रुवारीतही अडकलं तरच रंधा. आधी बिजागरीचे स्क्रू सैल झालेत का बघा, पुष्कळदा दार फुगलेलं नसतं, खाली उतरलेलं असतं.

देव्हाऱ्यावर काजळी आणि तेलाचे ओघळ आहेत.

निरांजन, समई ताटलीत ठेवा आणि वरच्या फळीपासून लांब ठेवा. काजळी आधी कोरड्या ब्रशने झटका, ओलं फडकं आधी लावलं तर ती पसरते. मग साबणाचं पिळलेलं फडकं. तेल जुनं असेल तर दोन-तीन दिवस थोडं थोडं करा.

कपाटात डांबर गोळ्या ठेवल्या तर वाळवी जाते का?

नाही. त्या कपड्यांच्या किड्यांसाठी असतात. त्यांचा वास घेणं चांगलं नाही, आणि तान्ह्या बाळाच्या कपड्यांत तर ठेवूच नका. कडुलिंबाचा पाला ठेवायचा असेल तर पूर्ण वाळवून ठेवा, ओला पाला उलट ओल देतो.

पाळण्याला काय लावू? बाळ कड चावतं.

चावतं तिथे पॉलिश नको. बारीक पेपरने गुळगुळीत करा, कूस राहू देऊ नका, तसंच ठेवा. बाकी भागाला पॉलिश केलंत तर तीन आठवडे उघड्या हवेवर ठेवा, वास पूर्ण गेल्यावरच बाळ घाला. आणि झोपवण्याआधी दोरी, कड्या आणि सांधे स्वतः ओढून बघा.